राखीव दाता

दातदुखीनं आईला मरणाच्या दारात नेलं, असं बसवालीचा दादा भेटेल त्याला सांगत होता. हे साफ खोटं होतं. दात बिचारा केव्हाच काढून टाकला होता आणि कचऱ्याबरोबर कुठल्या कुठे गेला होता. आईला मरणाच्या दारात नेलं होतं दादानं, स्वतःच्या हातानं, स्वतःच्या दुकानातल्या गोळ्या देऊन. पण हे त्याला तोंडावर कोण सांगणार? सांगेल असं घरात एकच माणूस होतं, ती त्याची बहीण, बसवाली, आणि तिला घरात कोणी विचारत नव्हतं.

दादाचं औषधांचं दुकान होतं. डॉक्टर तो नव्हता. तरी गल्ली त्याला 'डॉक्टरदादा' म्हणायची आणि अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला हा गृहस्थ त्या हाकेला खुशाल ओ द्यायचा. कुणाला खोकला झाला, दे अँटिबायोटिक. घसा धरला, दे. नाक गळलं, दे. उद्या प्रवासाला जायचंय आणि पोट बिघडायला नको, म्हणून आजच दे. बरं, देणार तीही पुरती नाही. जरा बरं वाटलं की, "आता बास, शरीराला सवय लागते," हा त्याचा स्वतःचा शोध. घरात जेवणाच्या टेबलावर मिठाच्या शेजारी गोळ्यांचा डबा असायचा. मीठ संपलं तर दोन दिवस कुणाच्या लक्षात यायचं नाही, गोळी घेतली का हे मात्र वहिनी दहादा विचारायची.

बसवालीला या गोळ्यांचा पहिल्यापासून राग. खरं तर गोळ्यांचा नव्हे, दादाचाच. तो "घे" म्हणाला की हिनं "नाही" म्हणायचं, हा जणू घरचा कायदाच होता. ताप आला तर ती तापात पडून राहायची, पण गोळी गादीखाली सरकवायची. तिनं काही शास्त्र वाचलं होतं अशातला भाग नाही. निव्वळ हट्ट. त्याच हट्टानं तिनं पुढे शहर बसची ड्रायव्हर व्हायचं ठरवलं, आणि झाली.

लग्नही तसंच. एकदा भर रस्त्यात उघड्या मॅनहोलमधून एक डोकं वर आलं आणि त्या डोक्यानं हात दाखवून तिची बस थांबवली. तिनं खिडकीतून मान काढून त्याला मनसोक्त शिव्या घातल्या. शिव्या संपेपर्यंत ते डोकं थांबलं आणि मग म्हणालं, "बाई, पुढे रस्ता आतून पोकळ झालाय. जायचंच असेल तर जा. मी खाली आहेच, काय काय पडतं ते बघतो." तिला न घाबरता बोललेला तो पहिला माणूस. गटारं दुरुस्त करणाऱ्या टोळीत तो कामाला होता आणि बरोबरचे लोक त्याला पाणबुड्या म्हणत. वर्षाच्या आत तिनं त्याच्याशी लग्न केलं.

आई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, आणि स्वच्छतेच्या बाबतीत नाकानं कांदे सोलणारी. नळाला हात लावण्याआधी ती नळ धुवायची. "गटारात उतरणारा माणूस माझ्या घरात नको," हे तिनं एकदाच सांगितलं आणि पुन्हा सांगायची वेळ कुणी तिच्यावर आणली नाही. लग्नाला ती आली नाही. नंतर लेकीला यायची मुभा होती, पण एकटीनं यायचं आणि आल्या आल्या हातपाय धुवायचे. जावयाला ती 'जावई' म्हणाली नाही, त्याचं नावही तिनं कधी घेतलं नाही. तो म्हणजे नुसता 'तो'. चौकशी करायची ती एवढीच, "त्याच्या कपड्यांबरोबर तुझे कपडे नाही ना धूत?" बसवाली दर वेळी चिडून परत यायची आणि पाणबुड्या दर वेळी म्हणायचा, "जाऊ दे गं." त्याच्या त्या 'जाऊ दे'चाही तिला राग यायचा.

तर ती दातदुखी. दादानं आईला एक जालीम अँटिबायोटिक दिलं. दात शांत झाला, पोट बिघडलं. पोट बिघडलं म्हणून दुसरं दिलं. मग जुलाब लागले ते थांबेचनात. रोग परवडला पण औषध नको, अशी गत झाली. आधी आईला धावत जावं लागायचं, मग धावणं जमेना, मग उठणंही जमेना, आणि नळ धुणाऱ्या त्या बाईला डायपर लावायची वेळ आली. हॉस्पिटलात ठेवलं की उतार पडायचा, घरी आणलं की पहिले पाढे पंचावन्न. तिसऱ्यांदा दाखल केलं तेव्हा वहिनीनं बसवालीला फोन केला. "या तुम्ही," ती म्हणाली, "काही खरं दिसत नाही."

पोटाच्या डॉक्टर म्हणजे चष्मा डोक्यावर ठेवून टेबलभर तोच शोधणाऱ्या एक पोक्त बाई होत्या. त्यांनी सगळ्यांना आपल्या खोलीत दाटीवाटीनं बसवलं.

"आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात," त्या म्हणाल्या. "आपल्याला न पचणारा चोथा ते पचवतात. काही व्हिटॅमिन्स तयार करतात. आपलं कोण आणि परकं कोण, हे शरीराच्या पहारेकऱ्यांना शिकवतात. आणखी काय काय करतात, ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही. पण एक काम साधं आहे, ते जागा अडवून बसतात. अँटिबायोटिकला चांगला-वाईट ओळखता येत नाही, ते सरसकट मारतं. एक वाईट जात मात्र बी धरून तग धरते. रान मोकळं झालं की ती फोफावते आणि विष सोडते. आईंच्या आतड्याला त्याचीच सूज आहे."

"म्हणजे रोजचे पासवाले सगळे खाली उतरवले," बसवाली म्हणाली, "आणि रिकाम्या गाडीत गुंड चढले."

"अगदी तसंच."

"आणि उतरवले कुणी?" तिनं दादाकडे बघितलं.

दादा भिंतीवरचं आतड्याचं चित्र बघत होता. "वय झालं की होतं असं," तो म्हणाला.

"वयाचाही वाटा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण औषधांचा मोठा आहे. आता ते मारायला पुन्हा औषधच देत राहिलो, तर चांगले परत येणार कधी? ते बाहेरूनच आणावे लागतील." आणि मग त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. निरोगी माणसाची विष्ठा घ्यायची. ती मिठाच्या पाण्यात कालवून गाळायची आणि नळीनं आईंच्या मोठ्या आतड्यात सोडायची.

वहिनीनं रुमाल तोंडाला लावला. दादा उभाच राहिला. "डॉक्टर, आम्ही शिकलेली माणसं आहोत."

"म्हणूनच समजावून सांगतेय. बहुतेक पेशंट यानं बरे होतात. नाही केलं आणि पुन्हा असाच झटका आला, तर आतडं कापून काढावं लागेल. त्या ऑपरेशनमधून या उठतील, असं मी लिहून देणार नाही. बसा. आता दाता कोण, ते बघू. घरचं माणूस असलं तर उत्तम. पहिली अट, गेल्या काही महिन्यांत अँटिबायोटिक घेतलेलं नको."

आणि मग जे झालं ते बसवाली जन्मभर विसरणार नाही. डॉक्टरांनी दादाला विचारलं. दादानं मागच्याच महिन्यात घशासाठी घेतलं होतं. वहिनीला विचारलं. तिनं बोट कापलं म्हणून घेतलं होतं. त्यांच्या कॉलेजातल्या मुलाला फोन लावला. तो तोंडावरच्या मुरमांसाठी घेतच होता. शेजारची मावशी, समोरचे काका, आईची शाळेतली मैत्रीण, एकेक नाव निघत गेलं आणि दादा स्वतःच मान हलवत गेला, कारण प्रत्येकाला काय दिलं ते त्याला तोंडपाठ होतं. अख्ख्या गल्लीत एक पोट शाबूत नव्हतं. आणि ती सगळी पोटं एकाच हातानं झाडून काढलेली!

बसवाली हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं. "घ्या," ती म्हणाली, "घरात औषधांचं दुकान आणि आईला द्यायला कुणाच्या पोटात काही शिल्लक नाही."

"आणि तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी याच्या हातची गोळी आजवर गिळलेली नाही."

तिच्या रक्ताची, शौचाची, कसली कसली तपासणी सुरू झाली. आईला सांगितलं तेव्हा तिनं आधी "शी!" म्हटलं, मग बराच वेळ छताकडे बघितलं, मग विचारलं, "तू खातेस काय काय?" बसवालीनं सांगितलं. "हं," आई म्हणाली. "निदान घरचं तरी आहे." जिवावर बेतलं होतं तरी सूर तोच, वर्गातल्या पोरीला काठावर पास केल्याचा.

डॉक्टरांना जोडीला एक राखीव दाता हवा होता. ऐनवेळी पहिल्याला सर्दी-पडसं झालं तर काय करायचं? "एका घरात राहणाऱ्यांचे जिवाणू बरेचसे जुळतात," त्या म्हणाल्या. "तुमच्या मिस्टरांचं बघता येईल."

"त्याला मी विचारणार नाही," बसवाली ताडकन म्हणाली. "ज्यांनी त्याला घरात घेतलं नाही, त्यांच्यासाठी त्यानं हे करायचं? मुळीच नाही."

घरी येऊन तिनं हे सगळं जेवताना आदळआपट करत सांगितलं. पाणबुड्यानं ऐकून घेतलं, ताट धुतलं, आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी परस्पर हॉस्पिटलात जाऊन तपासणीला रक्त देऊन आला. ती भडकली तेव्हा म्हणाला, "आयुष्यभर लोकांचं वाहून नेलं. पहिल्यांदा कुणीतरी माझं मागतंय, त्याला नाही कशाला म्हणू?" त्याचं काम ऐकून डॉक्टरांनी त्याच्या तपासण्या जरा जास्तच केल्या. सगळ्या स्वच्छ निघाल्या. बसवालीनं डॉक्टरांना एवढंच बजावलं, की गरज पडल्याशिवाय हे माझ्या माहेरी कळू देऊ नका.

दिवस ठरला. दादाचं घर हॉस्पिटलपासून जवळ, म्हणून ती तिकडे राहायला गेली. डेपोतल्या धुळीनं तिचा घसा जरा धरला होता. वहिनी सकाळ-संध्याकाळ कॉफी आणून द्यायची. कॉफी कडवट लागायची. वहिनीचं लक्ष हल्ली कशातच नाही, रात्रीची जागरणं आहेत, म्हणून बसवाली काही न बोलता प्यायची. सबंध आयुष्यात तिनं केलेला तेवढाच समजूतदारपणा, आणि तोच तिला भोवला.

ठरलेल्या सकाळी आईचं पोट औषध देऊन साफ केलेलं होतं. डॉक्टरांनी आपल्या खोलीत बसवालीच्या हातात झाकणाचा प्लास्टिकचा डबा दिला आणि सवयीनं विचारलं, "तब्येत बरी ना?"

"घसा खवखवत होता. आता बरा आहे."

"काही घेतलं नाही ना?"

"काही नाही."

"घेतलंय की!" मागून दादा अभिमानानं म्हणाला. "मी असताना घसा बसेल कसा? कॉफीतून देतोय. तिला कळूसुद्धा दिलं नाही."

डॉक्टरांनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "काय देताय?"

दादानं नाव सांगितलं. मग सगळ्यांचे चेहरे बघून त्याचा आवाज खाली आला. "अर्धीच हो. पोरांना देतो ती. अर्ध्या गोळीला कुणी अँटिबायोटिक म्हणतं का? ऐनवेळी हीच आजारी पडली असती तर?"

बसवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं डबा त्याच्या अंगावर फेकला. तो त्याच्या छातीवर आपटून कोपऱ्यात गेला. "तुला इथे बसवून सांगितलं होतं! याच खुर्चीत! तुझ्या पोराला, बायकोला, तुला, सगळ्यांना कशासाठी बाद केलं ते कळलं नव्हतं तुला?"

"अगं, तुझ्या भल्यासाठीच..."

"माझ्या भल्यासाठी नाही! तुझ्या हाताला राहवत नाही म्हणून! आईच्या वेळी तुला कळलं नाही म्हणू. हे कळून केलंस. आणि चोरून, कॉफीत घालून! वहिनी, तुम्हीसुद्धा?"

वहिनी रडायला लागली. दादा भिंतीला टेकून उभा होता आणि एरवी गल्लीला उपदेश करणारं त्याचं तोंड नुसतं उघडझाप करत होतं. बसवालीला त्याची दया आली नाही. यायला हवी होती का? चांगुलपणानं केलेल्या चुकीला माणसं फार लवकर माफ करतात, आणि ती करणारा पुढची चूक करायला मोकळा होतो.

"भांडण नंतर," डॉक्टर म्हणाल्या. "यांचं आता काही महिने चालणार नाही आणि आईंना काही दिवससुद्धा थांबवता येणार नाही. राखीव दात्याला बोलवा."

"कोण राखीव?" दादानं विचारलं.

"माझा नवरा," बसवाली म्हणाली आणि फोन लावला.

पाणबुड्या अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून आला. त्यानं जास्त काही विचारलं नाही. डॉक्टरांच्या हातून नवा डबा घेतला आणि नर्सनं दाखवलेल्या दिशेनं गेला. इकडे दादानं डॉक्टरांना गाठलं. "आईला सांगू नका. ती मरेल, पण त्याचं घेणार नाही."

"दाता बदललाय. पेशंटला सांगितल्याशिवाय मी नळीला हात लावणार नाही."

"मी सांगते," बसवाली म्हणाली.

आई पलंगावर एवढीशी झाली होती. अंगात ताप होता, ओठ सुकले होते, तरी सुई नसलेल्या हातानं ती चादरीची चुणी काढत होती. बसवालीनं स्टूल ओढलं नाही. उभ्यानंच सांगितलं, "आई, माझं चालत नाही. दादानं मला चोरून गोळी दिली. दुसऱ्याचं तयार आहे, तपासलेलं आहे."

"कुणाचं?"

"तुझ्या जावयाचं."

आईचा हात चादरीवर थांबला. "त्या गटारातल्याचं?"

"हो. त्याचंच. तुझ्या मुलाचं चाललं नाही, सुनेचं नाही, नातवाचं नाही. अख्ख्या गल्लीत एक धड पोट निघालं नाही. त्याचं निघालं."

आईनं डोळे मिटले. मग ती म्हणाली, "घेते." पण आईचं संपलं नव्हतं. "बाहेर कुणाला कळता कामा नये. तुझंच होतं म्हणून सांगायचं. आणि त्यालाही बजावून ठेव, कुठे बोलायचं नाही."

मरायला टेकलेल्या माणसावर ओरडू नये, हे बसवालीला कळत होतं. तरी ती ओरडली. "मग नाही मिळणार! त्याचं पोटात चालतं आणि त्याचं नाव तोंडात चालत नाही? तू माग त्याच्याकडे. तुझ्या तोंडानं माग. बोलावते मी त्याला."

"तुला वेड लागलंय का?" दारातून दादा म्हणाला. "ती मरतेय आणि तू अटी घालतेस?"

"हो, घालतेय! इतकी वर्षं तिच्या अटी ऐकल्या ना सगळ्यांनी?"

तिनं बाहेर जाऊन पाणबुड्याला हाताला धरून आत आणलं. इतक्या वर्षांत सासू आणि जावई पहिल्यांदाच एका खोलीत आले होते. तो पायथ्याशी उभा राहिला. त्याच्या अंगाला साबणाचा वास येत होता. काय चाललंय ते त्याला कळेना.

"माग, आई," बसवाली म्हणाली.

आईनं त्याच्याकडे बघितलं. मग तिनं दोन्ही हात उचलले. सुई लावलेल्या हाताची नळी ताणली गेली, वर टांगलेली बाटली हलली, आणि ते हात एकमेकांना शोधायला लागले.

"पुरे!"

पाणबुड्या ओरडला होता. बसवालीनं त्याचा चढलेला आवाज कधी ऐकलाच नव्हता. तो पुढे झाला, त्यानं आईचे हात धरून खाली चादरीवर ठेवले आणि बायकोकडे वळला. "हात जोडायला लावतेस तिला? मान उचलता येत नाही त्या बाईला! डबा मी केव्हाच देऊन आलोय. मला कुणी मागायला नको होतं." त्याचा चेहरा लाल झाला होता. "समोरच्याला असं खाली बघायला लावायचं, हे तू तिच्याकडूनच उचललंस ना? मग तिच्यावर कशाला ओरडतेस?"

आणि तो निघून गेला. त्यानं मुस्काटात मारली असती तरी तिला इतकं लागलं नसतं.

काम अर्ध्या-पाऊण तासात उरकलं. पुढचे दिवस बसवाली हॉस्पिटलच्या बाकावर बसायची, पण आईच्या खोलीत पाऊल टाकायची नाही. नवऱ्याशी ती कामापुरतं बोलायची. रस्त्यावर रिक्षा, सायकली, कुत्री, कुणाचीही गय करत नव्हती. राग होता तेवढाच होता, फक्त आता त्याला धड जागा उरली नव्हती. नवरा खोटं बोलला असता तर किती बरं झालं असतं! पण तो खरं बोलला होता. चूक तिची होती. म्हणून काय आईची चूक कमी झाली?

आईचा ताप उतरला. जुलाब थांबले. डायपर सुटला, आणि त्या दिवशी तिनं स्वतः चालत जाऊन नळ धुतला, असं वहिनी हसून सांगत आली. डॉक्टरांनी परत तपासून समाधानानं मान हलवली.

ड्यूटी संपवून खाकी शर्टातच बसवाली आली तेव्हा खोलीचं दार उघडं होतं. आईची शाळेतली मैत्रीण भेटायला आली होती. आई उशीला टेकून बसली होती, केस विंचरलेले. दादा फळं कापत होता.

"लेकीनं वाचवलं हिला," तो सांगत होता. "दुसरं कोण करतं असं?"

"धन्य आहे हो पोरीची," मैत्रीण म्हणाली.

आईनं दारात उभ्या लेकीला बघितलं. नजरेला नजर मिळाली. आणि आईनं मैत्रिणीकडे वळून मान डोलावली. "हो ना," ती म्हणाली. "माझी गुणाची आहे."

मैत्रीण जाईपर्यंत बसवाली दारातच थांबली. मग आत आली आणि दार लावून घेतलं.

"आता तिला काही बोलू नकोस," दादा म्हणाला. "आत्ता कुठे..."

"तू फळं काप." ती स्टूल ओढून पलंगाला गुडघे लावून बसली. या खेपेला ती ओरडली नाही. "आई, तू मरत होतीस तेव्हा त्यानं मला गप्प केलं. बरोबर केलं. माझं चुकलं होतं. मेली असतीस तर मी सगळं गिळलं असतं. पण आता तू मरत नाहीस. खातेस, पितेस, नळ धुतेस, खोटं बोलतेस. आता मी गप्प बसणार नाही."

"मी काय करू म्हणतेस?"

"हे मी सांगणार नाही."

"लोक काय म्हणतील गं? मला तोंड दाखवायला..."

"तोंड आहे अजून, म्हणून दाखवायचा प्रश्न आलाय. ते कुणामुळे आहे?"

आई खिडकीकडे बघत राहिली. तिच्या जबड्याची शीर उडत होती. राग आला की ती तशी उडते, हे बसवालीला लहानपणापासून ठाऊक होतं. तिची स्वतःचीही तशीच उडते. दोघीही मागे हटेनात. दादाची सुरी मध्येच थांबली.

"तो आज कामावर आहे?" शेवटी आईनं विचारलं.

"आहे. बाजाराच्या रस्त्याला पाणी तुंबलंय."

"फोन लाव."

बसवालीनं नंबर लावला आणि फोन आईच्या हातात दिला. कानाशी धरून दिला नाही. आईनं तो दोन्ही हातांनी कानाशी नेला. घंटी बराच वेळ वाजली. मग पाणी उपसणाऱ्या पंपाचा धडधडाट ऐकू आला, आणि त्याच्यावरून चढ्या आवाजात, "हां, बोल गं!"

आईनं तोंड उघडलं. हाक मारायला तिच्यापाशी शब्दच नव्हता. तो तिनं कधी बनवलाच नव्हता. तिनं लेकीकडे बघितलं. लेकीनं नजर हटवली नाही आणि मदतही केली नाही.

"हॅलो? कोण बोलतंय?" पलीकडे त्यानं पंप बंद करायला सांगितला. धडधड थांबली.

"मी," आई म्हणाली, आणि घसा साफ करून पुन्हा म्हणाली, "मी तुमची सासू बोलतेय."